लाकडी पेनावर जडावकाम : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

साधे लाकडी पेन आणि जडावाचे, म्हणजे लाकडात दुसऱ्या लाकडाची, धातूची किंवा दगडाची नक्षी बसवलेले पेन करण्यासाठी लागणाऱ्या हत्यारांत फारसा फरक नाही. फरक आहे तो आधी करायच्या हिशेबाचा. पेनासाठी जो ठोकळा घेतला जातो तो साधारणपणे १९ मिमी चौरस आणि १३० मिमी लांब असतो. त्याच्या मधोमध ७ मिमी व्यासाचे भोक पाडून त्यात पितळी नळी बसवली जाते आणि लेथवर (लाकूड गोल फिरवून कातायच्या यंत्रावर) कातून झाल्यावर सडपातळ पेनाचा टोकाकडचा व्यास सुमारे ८.४ मिमी उरतो. म्हणजे नळीभोवती लाकूड राहते ते जेमतेम ०.७ मिमी. उरलेल्या सगळ्या लाकडाच्या ढलप्या होऊन जमिनीवर पडतात. जडावाची नक्षी दिसणार असते ती या पातळ थरात, ठोकळ्याच्या वरच्या पृष्ठभागावर नव्हे.

पहिल्या जडावाच्या पेनाच्या वेळी मी हे ध्यानात घेतले नव्हते. चौकोनी ठोकळ्याच्या चारही बाजूंना दोन-दोन मिमी खोल चर पाडले, त्यांत पितळेचा कीस भरून वरून गोंद ओतला, रात्रभर सुकू दिला आणि सकाळी कातायला घेतले. ठोकळा पेनाच्या मापाला येण्याआधीच सगळे पितळ निघून गेले होते आणि हातात एक साधे तपकिरी पेन उरले होते. तेव्हापासून मी कोणत्याही जडावाच्या आधी ठोकळ्याच्या टोकावर कर्ण काढून मध्य काढतो आणि त्या मध्याभोवती दोन वर्तुळे आखतो : एक नळीच्या भोकाचे, दुसरे तयार पेनाच्या व्यासाचे. या दोन वर्तुळांमधल्या अरुंद पट्ट्यात जे येईल तेवढेच पेनावर दिसेल. नवशिक्याने ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

लाकूड आणि साहित्य

सुरुवातीला ७ मिमी नळीचे, फिरवून रिफिल बाहेर काढायचे, दोन भागांचे सडपातळ पेन घ्यावे. त्याच्या सुट्या भागांचा संच सहज मिळतो, त्यात दोन पितळी नळ्या, टोक, रिफिल फिरवणारी यंत्रणा, मधली कडी, क्लिप आणि वरची टोपी असते. प्रत्येक नळी सुमारे ५३ मिमी लांब असते, तरीही वेगवेगळ्या संचांत थोडाफार फरक असू शकतो, म्हणून लाकूड कापण्याआधी नळी हातात घेऊन मोजावी.

लाकूड पूर्ण वाळलेले हवे, त्यातला ओलावा १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. ओले लाकूड वाळताना आडवे आकसते, आतली पितळी नळी मात्र तसूभरही आकसत नाही, त्यामुळे पेनाला काही आठवड्यांनी उभी चीर पडते. ओलावा मोजायचे यंत्र जवळ नसेल तर ठोकळ्याचे दर आठवड्याला वजन करावे; वजन घटायचे थांबले की तो वापरण्याजोगा झाला. जडावासाठी लाकडांच्या रंगांत स्पष्ट फरक असला पाहिजे. मेपलसारख्या फिकट लाकडात अक्रोड किंवा शिसवाच्या पट्ट्या उठून दिसतात, तसेच उलटही. मध्यम तपकिरीत मध्यम तपकिरी बसवले, तर पॉलिश झाल्यावर दोन्ही गडद होऊन एकमेकांत मिसळून जातात आणि एवढ्या मेहनतीचे काम कोणाच्या नजरेतही येत नाही. दोन्ही लाकडांवर पाण्याचे ओले बोट फिरवून पाहावे. ओला रंग हाच पुढे पॉलिशनंतरचा रंग असतो.

साग, शिसव अशी तेलकट लाकडे गोंद नीट धरत नाहीत. चिकटवण्याच्या अगदी आधी त्यांचा पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावा. शिसवाच्या डॅल्बर्जिया गटातली झाडे २०१७ पासून वन्य प्रजातींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेली आहेत, तेव्हा असे लाकूड सीमेपार मागवण्याऐवजी जुन्या फर्निचरचे तुकडे वापरणे चांगले. पेनाला लागते तरी किती लाकूड?

हत्यारांत लहान लेथ, पेनाचे मँड्रेल (लेथवर पेनाचे तुकडे ज्यावर ओवतात तो दांडा), संचाला जुळणारे बुश (तुकड्यांच्या टोकांना लावायच्या, तयार पेनाचे माप दाखवणाऱ्या कड्या), ७ मिमीचे धारदार ड्रिल, नळीची तोंडे काटकोनात करणारा कटर, एक गोल पटाशी, एक तिरकी पटाशी, बारीक दातांची करवत, गुण्या (काटकोन तपासायला) आणि कॅलिपर (जाडी मोजायला) एवढे पुरेसे आहे. कॅलिपरशिवाय मात्र जडावाच्या वाटेला जाऊ नये. डोळ्यांवर पूर्ण चेहरा झाकणारे कवच आणि नाकावर धूळरोधक मास्क हवाच. शिसवासारख्या लाकडांची धूळ अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला बाधते. लेथवर काम करताना हातमोजे, सैल बाह्या, मोकळे केस आणि गळ्यातल्या माळा यांना पूर्ण मज्जाव असावा.

आधी दोन साधी पेने

जडावाला हात घालण्यापूर्वी एकाच लाकडाची निदान दोन पेने पूर्ण करावीत, कारण भोक, नळी आणि तोंडे यांतली प्रत्येक चूक जडावाच्या पेनात दुप्पट दिसते.

ठोकळा कापण्याआधी त्याच्या एका बाजूवर पेन्सिलने लांबच लांब तिरकी रेघ ओढावी, म्हणजे दोन तुकडे झाल्यावर कोणते टोक कोणाला जुळते ते कळते आणि तयार पेनात लाकडाच्या रेषा मधल्या कडीच्या दोन्ही बाजूंना सलग दिसतात. प्रत्येक तुकडा नळीपेक्षा तीन-चार मिमी लांब ठेवावा. भोक पाडताना घाई करू नये. दर सेंटीमीटरला ड्रिल बाहेर काढून भुसा झटकावा, नाहीतर तो आतच दाबला जाऊन तापतो आणि घट्ट लाकूड आतून तडकते. ड्रिल दुसऱ्या टोकातून बाहेर पडते तेव्हा तिथल्या लाकडाच्या ढलप्या उडतात; त्यासाठी तुकड्याखाली टाकाऊ लाकूड घट्ट दाबून धरावे किंवा तुकडा मुळात जास्त लांब ठेवून ते टोक नंतर कापून टाकावे.

नळी बसवण्याआधी तिचा बाहेरचा भाग १५० नंबरच्या सँडपेपरने खरवडून घ्यावा आणि तिची तोंडे मेणाने बंद करावीत, म्हणजे गोंद आत जाणार नाही. गोंद म्हणून दोन भाग मिसळायचा, सावकाश सुकणारा इपॉक्सी वापरावा. सुपरग्लू झटपट धरतो हे खरे, पण नळी अर्धी आत गेलेली असतानाच त्याने धरले तर ती पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. इपॉक्सी भोकाच्या आतल्या बाजूला आणि नळीला असा दोन्हीकडे लावून नळी गोल फिरवत सारावी. आत कुठे पोकळी राहिली, तर त्या जागेच्या पातळ लाकडाला खालून आधार मिळत नाही आणि कातताना तिथलाच टवका उडतो.

गोंद रात्रभर सुकल्यावर कटरने दोन्ही तोंडे काटकोनात करावीत. लाकूड कापत कापत पितळेची कड नुकती चकाकू लागली की तिथेच थांबावे. नळी कापली गेली, तर पेनाची लांबी कमी होते आणि शेवटी रिफिल टोकातून जास्तच बाहेर येते.

आडव्या कड्या

जडावाचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे ठोकळा आडवा कापून मध्ये वेगळ्या रंगाची चकती चिकटवणे. ही चकती लाकडाची, व्हिनियरची (लाकडाच्या अगदी पातळ पापुद्र्याची), पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची असू शकते. ती ठोकळ्याच्या आरपार असते, म्हणून आधी सांगितलेल्या ०.७ मिमीच्या थरापर्यंत ती पोचते की नाही हा प्रश्नच उरत नाही. नवशिक्याने इथून सुरुवात करण्याचे खरे कारण तेच आहे.

त्यातली अडचण वेगळी आहे. लाकूड आडवे कापले की रेषांची टोके उघडी पडतात आणि टोकाला टोक चिकटवलेला सांधा लाकडातला सर्वांत दुबळा सांधा असतो. रेषांची टोके गोंद शोषून घेतात, म्हणून आधी इपॉक्सीचा एक पातळ हात देऊन पाच-दहा मिनिटे मुरू द्यावा, मग दुसरा हात देऊन तुकडे जोडावेत. शिकंजा नुसता टेकवावा, आवळू नये, कारण जास्त दाबाने सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. नळी आत बसली की सगळे तुकडे तिच्याभोवती पक्के होतात. धोका असतो तो भोक पाडतानाच. म्हणून इपॉक्सीला पूर्ण २४ तास द्यावेत, ड्रिल नव्या धारेचे असावे आणि वेग कमी असावा. धातूची चकती असेल तर आणखी सावध राहावे. धातू तापला की इपॉक्सी मऊ होतो आणि चकती जागच्या जागी फिरू लागते. अशा वेळी ड्रिल बाहेर काढून ठोकळा गार होऊ द्यावा.

तिरक्या पट्ट्या आणि गाठीची नक्षी

या कामातला माझा सर्वांत आवडता भाग हा आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. चौकोनी ठोकळ्यात चार बाजूंनी चार तिरके काप घेऊन प्रत्येकात पातळ पट्टी बसवली आणि मग तो ठोकळा गोल कातला, तर पेनाभोवती एकमेकांखालून-वरून जाणाऱ्या चार वेटोळ्यांची गाठ तयार होते. ती कोरलेली नसते किंवा वळवलेलीही नसते. गोल दांडक्याला सपाट तिरका छेद दिला की छेदाची कड लंबवर्तुळ होते. चार दिशांनी चार छेद दिले की चार लंबवर्तुळे एकमेकांत गुंततात. सगळे रहस्य एवढेच आहे, पण काप अचूक पडले नाहीत तर गाठ सुटलेली दिसते.

पहिली अट ठोकळ्याची. तो चारही बाजूंनी सारख्या मापाचा आणि गुण्यात असला पाहिजे. १९ मिमीच्या ठोकळ्याची एक बाजू १८.५ मिमी भरली, तर त्या बाजूवरचा काप मध्यापासून सरकतो. दुसरी अट पट्टीच्या जाडीची, आणि बहुतेक नवशिके इथेच चुकतात. करवत जेवढे लाकूड खाते, पट्टी बरोबर तेवढ्याच जाडीची हवी. पट्टी पातळ पडली, तर चिकटवताना ठोकळ्याचे दोन भाग एकमेकांच्या जवळ सरकतात आणि आधी बसवलेल्या पट्ट्यांचे दोन तुकडे कापाच्या अलीकडे-पलीकडे एका रेषेत राहत नाहीत. जाड पडली तर तेच उलट्या दिशेने घडते. म्हणून आधी टाकाऊ लाकडात एक काप घ्यावा, त्याची रुंदी कॅलिपरने मोजावी आणि त्या मापाची पट्टी तयार करावी. बारीक दातांच्या हातकरवतीचा काप बहुधा अर्ध्या-पाऊण मिमीचा असतो आणि तेवढ्या जाडीचे व्हिनियर तयार मिळते. यंत्राच्या गोल करवतीचा काप दोन-तीन मिमी रुंद असतो. तिथे वेगवेगळ्या रंगांची तीन व्हिनियर एकावर एक चिकटवून एक जाड पट्टी केली, तर गाठीच्या प्रत्येक वेटोळ्याला दोन्ही कडांना बारीक किनार मिळते. पट्टी कापात हलक्या हाताने सरकली पाहिजे. ठोकावी लागत असेल तर ती जाड आहे आणि आपोआप खाली पडत असेल तर पातळ.

तिसरी गोष्ट कोनाची. काप पेनाच्या लांबीशी ४५ अंशांत घेतला, तर ९ मिमी जाड पेनावर गाठ साधारण ९ मिमी लांबीची, गोलसर आणि दाटीची होते. तोच काप ३० अंशांत घेतला, तर गाठ सुमारे १५.५ मिमी लांब आणि ऐसपैस होते. सडपातळ पेनाला मला ३० अंश शोभतात. पण काप जितका निमुळता तितका लांब, म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी ४५ अंशच ठेवावेत.

आता प्रत्यक्ष काम. ठोकळ्याच्या चार बाजूंवर टोकाजवळ १ ते ४ असे आकडे लिहावेत. करवतीच्या साच्यात एक अडसर पक्का बसवावा, म्हणजे ठोकळ्याचे तेच टोक प्रत्येक वेळी त्याच जागी टेकेल. पहिला काप १ नंबरच्या बाजूवरून घ्यावा, पण तो आरपार नेऊ नये. खालच्या बाजूला एक-दीड मिमी लाकूड अखंड ठेवावे. तेवढ्या दुव्यामुळे ठोकळ्याचे दोन्ही भाग आपल्या जागी राहतात आणि ही अखंड कड पुढे कातताना आपोआप निघून जाते, कारण ती शेवटच्या वर्तुळाच्या बरीच बाहेर असते. कापातला भुसा काढून दोन्ही अंगांना इपॉक्सी लावावा, पट्टी सारावी, हलका शिकंजा लावावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावू नये. मग ३ नंबरची, म्हणजे समोरची बाजू वर घेऊन तोच काप घ्यावा. त्यानंतर २ आणि शेवटी ४. जी पट्टी शेवटी बसते ती अखंड राहते आणि गाठीत सगळ्यांच्या वरून गेल्यासारखी दिसते, म्हणून कापांचा क्रम बदलला की गाठीची वीणही बदलते.

दोन कापांच्या मध्ये करायचे एक काम फार क्षुल्लक वाटते, पण ते टाळू नये. कापातून बाहेर आलेला इपॉक्सी ठोकळ्याच्या बाजूवर थेंब होऊन सुकतो. पट्टीची टोकेही बाहेर डोकावत असतात. ती बाजू साच्यात खाली आली, की एवढ्याशा थेंबाने ठोकळा अर्धा मिमी वर उचलला जातो आणि पुढचा काप तेवढ्याने सरकतो. माझ्या एका पेनात तीन वेटोळी नेमकी एका बिंदूत मिळाली आणि चौथे शेजारून निघून गेले. कारण शोधता शोधता मला ४ नंबरच्या विरुद्ध बाजूवर नखाएवढा सुकलेला गोंद सापडला. प्रत्येक सुकवणीनंतर सपाट लाकडावर ताणून बसवलेल्या सँडपेपरवर ठोकळ्याच्या बाजू हलकेच घासाव्यात, मात्र फक्त गोंद निघेपर्यंत. लाकूड घासले गेले तर माप बिघडते. टेकणारे टोकही असेच स्वच्छ ठेवावे.

चारही पट्ट्या बसल्यावर गाठ भरीव लाकडाच्या पोटात असते आणि बाहेरून फक्त चार तिरक्या रेघा दिसतात. इथून पुढे सगळा भरवसा भोकावर. भोक मध्यापासून एक मिमी सरकले, तर गाठीचे एक वेटोळे मोठे आणि समोरचे लहान होते. म्हणून हा ठोकळा शक्य असल्यास लेथच्या चकमध्येच (फिरत्या पकडीतच) धरून टेलस्टॉकमधल्या (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधारातल्या) ड्रिलने भोक पाडावे. नळीच्या लांबीनुसार कापतानाही गाठीचा मध्य कुठे यायला हवा ते आधी ठरवून दोन्ही बाजूंना सारखे अंतर मोजावे. गाठ नळीच्या अगदी टोकाजवळ आली, तर तोंड काटकोनात करताना पट्टीचे टवके उडतात.

चर आणि भुकटी

तिसरा प्रकार म्हणजे पेन जवळजवळ कातून झाल्यावर त्याच्याभोवती चर पाडून त्यात दगडाची किंवा धातूची भुकटी भरणे. माझी पहिली चूक याच प्रकारातली होती, तेव्हा क्रम नीट लक्षात घ्यावा. पेन अंतिम मापापेक्षा साधारण अर्धा मिमी जाड असताना थांबावे आणि मग दोन-तीन मिमी रुंदीचा चर पितळी नळीपर्यंत न्यावा. चराच्या तळाशी पितळ चकाकते, आणि भुकटीतून ते जागोजागी डोकावते. यावर उपाय म्हणजे नळी बसवण्याआधी तिला काळा रंग देणे किंवा भरण्यापूर्वी चराचा तळ काळ्या शाईच्या पेनाने रंगवणे.

भरण्यासाठी पितळेचा कीस, दळलेली कॉफी, किंवा मॅलाकाइट आणि फिरोजा यांसारख्या तुलनेने मऊ दगडांची भुकटी चालते. गारगोटीसारखा कठीण दगड घेऊ नये, कारण तो पटाशीची धार क्षणात घालवतो. मॅलाकाइटमध्ये तांबे असते आणि त्याची धूळ विषारी असल्यामुळे मास्क अजिबात काढू नये. चरात भुकटी थोडी थोडी भरावी, बोटाने दाबावी आणि वरून अगदी पातळ सुपरग्लूचे दोन-तीन थेंब सोडावेत. ते आपोआप दाण्यांमध्ये झिरपतात. एका वेळी सगळा चर भरून गोंद ओतला, तर वरची साय धरते आणि खाली कोरडी भुकटी तशीच राहते. तीन-चार थरांत चर भरून भुकटी लाकडाच्या थोडी वर येऊ द्यावी. गोंद लवकर सुकवणारा फवारा जपून मारावा. जास्त झाला की गोंद उकळल्यासारखा फेसाळून पांढरा पडतो आणि तो पांढरेपणा नंतर जात नाही. कातल्यावर बारीक खड्डे उघडे पडणारच. त्यांत पुन्हा भुकटी आणि एक थेंब गोंद टाकावा, पुन्हा कातावे.

कातणे

मँड्रेलवर बुश, लाकूड, बुश, लाकूड, बुश असा क्रम लावून नट हाताने आवळावा आणि टेलस्टॉक फक्त टेकवावा. टेलस्टॉक जास्त दाबला तर मँड्रेल किंचित वाकते आणि पेन गोल न होता एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. ज्यांच्या पेनाच्या टोकाला कडी एका बाजूने उघडी पडलेली दिसते, त्यांनी आधी हे तपासावे.

चौकोन गोल होईपर्यंत मिनिटाला १५०० ते २००० फेरे पुरतात, नंतर ते २५०० पर्यंत वाढवता येतात. जडावाच्या ठोकळ्यावर पटाशी नेहमीपेक्षा धारदार आणि काप नेहमीपेक्षा पातळ असावा, कारण पटाशी मऊ लाकडातून अचानक कठीण पट्टीवर आदळते. तिरकी पट्टी टोकाकडून मध्याकडे ढकलली गेली तर टिकते, पण उलट दिशेने तिची निमुळती कड उचकटते. म्हणून पट्टीच्या जवळ आल्यावर कोणत्या दिशेने काप सुरळीत जातो ते एकदा थांबून पाहावे. दर अर्ध्या मिमीला लेथ थांबवून सांधे तपासावेत. केसाएवढी फट दिसली तर तिथे पातळ सुपरग्लू सोडून, तो सुकल्यावरच पुढे जावे. याच टप्प्यात कधीतरी लेथ थांबतो आणि लाकडातून ती गाठ प्रथमच वर आलेली दिसते. अजून अंतिम माप यायचे असते आणि वेटोळी थोडी फुगीर असतात. मी दर वेळी मँड्रेल हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवून चारही बाजू पाहतो. एखादे वेटोळे तुटक वाटत असेल तर ते याच वेळी कळते. पण पुढे कातून ते सुधारणार नाही, हेही स्वीकारावे लागते.

बुशच्या मापापेक्षा ०.२ मिमी जाड असताना पटाशी ठेवून द्यावी. बाकीचे काम सँडपेपर करतो.

घोटणे आणि पॉलिश

सँडपेपर १८०, २४०, ३२०, ४०० आणि ६०० या क्रमाने वापरावा, वेग कमी ठेवावा आणि प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून रेषांच्या दिशेने उभे घासावे, म्हणजे आडवे ओरखडे राहत नाहीत. धातूची पट्टी असेल तर कागद नुसत्या बोटाने धरू नये. बोट मऊ असल्यामुळे कागद लाकूड खातो, धातू तसाच राहतो आणि पेनावरून नख फिरवले की पट्टीची कड जाणवते. कागदामागे लहानसे सपाट लाकूड धरले की दोन्ही एका पातळीत येतात.

धातूची आणि गडद लाकडाची धूळ फिकट लाकडाच्या छिद्रांत बसून त्याला मळकट करते. मेपलमध्ये अ‍ॅल्युमिनियम बसवले असेल तर करडेपणा हमखास येतो. घोटण्याआधी पातळ सुपरग्लूचा एक हात देऊन छिद्रे बंद करावीत, दर नंबरनंतर धूळ फुंकून किंवा ब्रशने काढावी, आणि ओल्या फडक्याने ती कधीही पुसू नये.

लाख आणि मेणाचे पॉलिश सुंदर दिसते, पण रोजच्या हातातल्या पेनावर ते काही महिन्यांत झिजते. जडावाच्या पेनाला सुपरग्लूचे आवरण अधिक योग्य, कारण ते सांध्यांनाही बांधून ठेवते. आधी पातळ गोंदाचे दोन हात, मग मध्यम घट्ट गोंदाचे सहा ते आठ हात द्यावेत. प्रत्येक हात घडी केलेल्या कागदी रुमालाने, फिरत्या पेनावर एकाच सफाईदार ओघात लावावा. सुती कापड अजिबात वापरू नये. सुपरग्लू सुतात शिरला की इतका तापतो की बोट भाजते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण त्याचा वास डोळ्यांना झोंबतो. बुशना आधी मेण चोळून ठेवले तर ते पेनाला चिकटत नाहीत. शेवटी १५०० ते १२००० नंबरच्या घोटाईच्या गाद्या पाण्यात भिजवून क्रमाने फिरवाव्यात, पण पाणी उघड्या तोंडांतून लाकडात शिरू देऊ नये.

जोडणी

पेन मँड्रेलवरून काढल्यावर दोन्ही टोकांशी गोंदाची बारीक कड वर आलेली असते. ती तशीच राहिली तर भाग दाबताना तिच्यावर ताण येऊन आवरणाला चीर जाते. सपाट ठेवलेल्या ६०० नंबरच्या कागदावर पेनाचे तोंड उभे धरून हलके फिरवावे आणि नळीच्या आत सांडलेला गोंद चाकूने खरवडावा.

मग खालच्या भागात आधी टोक दाबावे. दाबण्यासाठी खास यंत्र नसले तरी चालते; शिकंज्याच्या जबड्यांना लाकडी फळ्या लावून सरळ रेषेत सावकाश दाब दिला की काम होते. रिफिल फिरवणारी यंत्रणा पितळी टोकाकडून आत जाते, आणि ती एकदा आत गेली की सहज बाहेर येत नाही. म्हणून ती खुणेच्या थोडी अलीकडेच थांबवावी, रिफिल घालून फिरवून पाहावे, आणि लिहिण्याचे टोक पुरेसे बाहेर येईपर्यंत एकेक मिमी पुढे दाबत न्यावी. वरच्या भागात क्लिप आणि टोपी बसते. मधली कडी घालून दोन्ही भाग एकमेकांत सारताना आरंभी ओढलेल्या पेन्सिलच्या रेघेची आठवण ठेवून लाकडाच्या रेषा जुळवाव्यात. क्लिपही बसवताना अशी वळवावी, की पेन खिशाला लावल्यावर किंवा टेबलावर ठेवल्यावर गाठीची सर्वांत नीट जमलेली बाजू वर राहील.